आधी कुठलं पान, मग कुठलं औषध

ऑगस्ट लागला की मराठवाडा-विदर्भातल्या कृषी सेवा केंद्रांच्या मोबाइलवर एकाच छापाचे फोटो येऊन पडायला लागतात. अंगठा आणि तर्जनीत धरलेलं एक पिवळं पान, मागे धूसर हिरवं रान आणि खाली तीन शब्द : “सर, काय फवारू?” सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात असतं. जूनअखेर पेरलेल्या पिकाला पस्तीस-चाळीस दिवसांनी पानांच्या बेचक्यात बारीक जांभळी फुलं दिसायला लागतात आणि नेमका त्याच सुमारास रानात पिवळेपणा डोकावतो. खत-बियाण्याचे पैसे अडकलेले असतात, त्यामुळे थांबून बघायचा धीर कुणालाच नसतो. उत्तरही तत्काळ येतं. एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची एक बाटली, चारी एकाच पंपात.

त्या फोटोवरून पीक कळतं, दुखणं कळत नाही. पान शेंड्याचं आहे की बुडाचं, हेच त्यात दिसत नाही. आणि पिवळ्या पानाचा निम्मा निकाल तर तिथेच लागतो.

महाराष्ट्रात खरिपात सुमारे 50 लाख हेक्टरवर सोयाबीन असतं. एवढ्या रानात पान पिवळं पडायची कारणं डझनभर निघतील : अन्नद्रव्याची कमतरता, साचलेलं पाणी, विषाणू, बुरशी, खोडात शिरलेली अळी, तणनाशकाचा चटका, आणि नुसतं वयसुद्धा. यातल्या प्रत्येकाचा शेवट पिवळ्या रंगातच होतो, कारण पानातलं हरितद्रव्य तयार होणं थांबलं किंवा असलेलं मोडलं की मागे उरतो तो पिवळा रंग. तो पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. म्हणून रंगावरून फार काही कळत नाही. तो झाडावर कुठे सुरू झाला, पानात कसा पसरला आणि रानात कुठे दिसतो, हे बघावं लागतं.

हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याला धरून नत्राचे चार. ही दोन्ही द्रव्यं झाडात फिरती आहेत. पुरवठा कमी पडला की झाड बुडाच्या जुन्या पानांमधून ती सोडवून घेतं आणि शेंड्याच्या कोवळ्या पानांकडे, फुलांकडे पाठवतं. स्फुरद आणि पालाशही असेच फिरते. त्यामुळे यांची टंचाई आधी खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असेल तर खालचं अख्खं पान शिरांसकट फिकट पडतं. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. पालाश कमी असेल तर पिवळेपणा कडेकडेने सुरू होतो आणि कडा पुढे करपते.

लोह, मँगेनीज, गंधक यांचं तसं नाही. ही द्रव्यं एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. टंचाई आली तर जुनी पानं हिरवीगार राहतात आणि नव्याने फुटलेलं पान पिवळं निघतं. सोयाबीनच्या रानात वरून पिवळं आणि खालून हिरवं झाड दिसलं, तर युरियाची गोणी फोडण्यात अर्थ नाही.

गंधकाची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. कोवळं पान शिरांसकट एकसारखं फिकट असेल तर संशय गंधकावर घ्यावा. सोयाबीन हे तेलाचं पीक, गंधक त्याला चांगलंच लागतं. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट टाकलं जायचं, तेव्हा स्फुरदाच्या जोडीने 11-12 टक्के गंधकही आपोआप जमिनीत जायचं. डीएपीच्या गोणीत ते नसतं. वर्षानुवर्षं नुसत्या डीएपीवर पेरणी करणाऱ्या रानात हा फिकटपणा दिसला तर नवल नाही.

खरी गुंतागुंत लोहाची आहे, आणि महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत तीच जास्त भेटते. कोवळं पान लिंबासारखं पिवळं, पण त्यावर शिरांचं हिरवं जाळं स्वच्छ उठून दिसतं. फार वाढलं तर पान जवळजवळ पांढरं पडतं. गंमत अशी की त्या जमिनीत लोहाचा तुटवडा नसतो. लोह भरपूर असतं, पण चुनखडीमुळे जमिनीचा सामू आठच्या वर गेलेला असतो आणि त्या सामूला लोह पाण्यात विरघळतच नाही. सोयाबीनची मुळं आम्ल सोडून, लोहाचं रूप बदलून ते ओढायची धडपड करतात. त्यात पावसाची झड लागली आणि रानात पाणी साचलं, की मातीतला कर्बवायू कोंडतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांची ती धडपडही निष्फळ होते. म्हणूनच हा पिवळेपणा झडीनंतर दिसतो, दरवर्षी रानाच्या त्याच सखल किंवा चुनखडीच्या पट्ट्यात दिसतो, आणि वाफसा आला की पुष्कळदा आपला आपण ओसरतो. उघाडीनंतर हिरवं झालेलं रान बघून लोक शेवटच्या फवारणीला श्रेय देतात. ती बाटली बहुधा तेव्हाच्या उन्हाची कमाई खाते.

उघडीप मिळूनही शेंडे पिवळेच राहिले तर फेरस सल्फेटची फवारणी करतात, 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, सोबत थोडं सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस. इथे पुडी उघडून बघायला हवी. चांगलं फेरस सल्फेट फिकट हिरव्या खड्यांचं असतं. खडे तांबूस-तपकिरी झाले असतील तर त्यातल्या लोहाला पुडीतच गंज चढलेला आहे. ते पानाच्या कामाचं नाही. द्रावण सकाळी करून दुपारपर्यंत ठेवलं तरी हळूहळू तांबूस होतं. आणि लोह पानात फिरत नसल्यामुळे एका फवारणीने तेवढीच पानं सुधारतात, पुढचं नवं पान पुन्हा पिवळं येऊ शकतं. दहा-बारा दिवसांनी दुसरी फवारणी सांगतात ती यासाठी. हेच खत कोरडं रानात फेकलं तर त्या चुनखडीत त्याचीही तीच गत होते, म्हणून ते शेणखतात मुरवून द्यायची शिफारस आहे.

आता बुडाकडे. सोयाबीनमध्ये खालची पानं फुलोऱ्यात फिकट पडायला लागली, तर नत्राचा हिशोब मुळांशी मांडावा लागतो, कारण हे पीक आपलं बरंचसं नत्र स्वतः कमावतं. खुरप्याने झाड अलगद मातीसकट उचलायचं. हिसका दिला की गाठी जमिनीतच राहतात. मुळं पाण्यात खळबळली की ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी दिसतात. त्यातली एक नखाने चिरायची. आतला गर गुलाबी-तांबडा असेल तर गाठ काम करते आहे. रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलाच. गर हिरवट, मातकट किंवा पांढरा असेल तर कारखाना बंद आहे.

बंद का पडतो? बहुतेक वेळा पाण्यामुळे. गाठींना प्राणवायू लागतो, आणि चार-पाच दिवस रान चिबडलेलं राहिलं तर मुळांइतक्याच त्याही गुदमरतात. अशा वेळी रानात चर काढून पाणी बाहेर काढणं हे कुठल्याही टॉनिकपेक्षा मोठं औषध आहे. ज्यांनी रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं असतं त्यांच्या रानात हा पिवळेपणा कमी दिसतो, तो याच कारणाने. उलट टोकाला, जमिनीत ओलच नसेल तरीही गाठी थांबतात. मग 2 टक्के युरियाची पानांवर फवारणी झाडाला तात्पुरता हात देते. पण हिरवेपणा यावा म्हणून फुलोऱ्यात जमिनीतून युरिया ओतला तर गाठी आणखी आळसावतात आणि झाड पाल्यावर जातं.

एवढं सगळं कमतरतेचं. कमतरतेचा एक स्वभाव असा, की ती पट्ट्यात येते. जमीन जशी, तसं पीक. एकाच तासात दोन हिरव्या झाडांच्या मधलं एकच झाड पिवळंजर्द दिसलं तर डोळे उघडे ठेवावेत. ते खत मागत नसतं.

पिवळा मोझॅक असाच सुरू होतो. पानावर हिरव्या आणि भडक पिवळ्या रंगाचे वेडेवाकडे चट्टे, शिरांशी काही देणंघेणं नसल्यासारखे. आधी रानात तुरळक झाडं, आठ-पंधरा दिवसांत मग ठिकठिकाणी. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते आणि विषाणू घेऊन पुढच्या झाडावर बसते. शेंगा कमी लागतात, दाणा बारीक राहतो. विषाणू झाडात शिरल्यावर त्याला बाहेर काढणारं औषध नाही. बुरशीनाशक तर इथे पाण्यासारखं. पहिली दहा-वीस झाडं दिसताक्षणी उपटून, पिशवीत भरून रानाबाहेर नेऊन नष्ट करणं, पिवळे चिकट सापळे लावणं, निंबोळी अर्क, आणि माशी खरोखर वाढली असेल तर शिफारशीतलं कीटकनाशक, एवढंच हातात असतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं पुन्हापुन्हा मारली तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट फोफावते, हेही अनेकांना नुकसान झाल्यावर कळतं.

2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनच्या नोंदींमधला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच हंगामात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची रानंच्या रानं पिवळी पडली, पंचनामे करावे लागले. तेव्हा सरसकट ‘यलो मोझॅक’ म्हटलं गेलं, पण पिवळ्या पडलेल्या प्रत्येक रानात दोषी तोच नव्हता. उष्णता आणि पाण्याचा ताण यांच्या जोडीला येणारी चारकोल रॉट ही बुरशीही होती. ती ओळखायला पान नाही, बूड बघावं लागतं. झाड पिवळं पडून सुकतं, पण वाळलेली पानं गळत नाहीत, तशीच लटकून राहतात. जमिनीलगतची साल नखाने खरवडली की खाली राखेसारखा करडा रंग आणि त्यात काळे बारीक ठिपके दिसतात. इथे माशी मारून काय होणार!

जुलैपासून हैराण करणारे आणखी दोघे खोडात लपतात. चक्रीभुंग्याची मादी देठावर किंवा फांदीवर एकमेकांजवळ दोन गोल कापे घेते आणि त्यांच्या मधे अंडं घालते. कापाच्या वरचा भाग सुकून लोंबतो. ती चक्रं ज्याने एकदा पाहिली तो पुन्हा फसत नाही. खोडमाशी मात्र बाहेरून पत्ता लागू देत नाही. पिवळं, मलूल झाड उपटून ब्लेडने खोड उभं चिरलं की मधोमध तांबूस नागमोडी भुयार आणि त्यात बारीक अळी किंवा तपकिरी कोष सापडतो. रानात पाच-सहा झाडं चिरायला पाच मिनिटं लागतात. तेवढी न काढता हजारो रुपयांची फवारणी होते, हे आश्चर्यच.

शिरा आणि मधला भाग यांतला फरक किती बोलका असतो ते भेंडीत दिसतं. लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. भेंडीच्या विषाणूजन्य केवड्यात नेमकं उलटं, शिरांचं जाळं पिवळं आणि मधे हिरवी बेटं. मुंबई इलाख्यातून या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी 1924 मध्ये केली होती. पन्नासच्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ आली, ती काही वर्षं या रोगापुढे टिकली आणि मग हरली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचा रानभेंडीशी संकर करून 1985 मध्ये ‘परभणी क्रांती’ दिली. तिने भाजीपाला पिकवणाऱ्यांना पुढची बरीच वर्षं तारलं. आता तीही अनेक ठिकाणी बळी पडते. गोंधळात भर म्हणून पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या लोहकमतरतेलाही केवडाच म्हणतात. दुकानात “केवडा पडलाय” एवढंच सांगितलं तर कुठली बाटली हातात पडेल याचा भरवसा नाही.

सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण मात्र रोगही नाही आणि कमतरताही नाही. सोयाबीनच्या दाण्यात 35 ते 40 टक्के प्रथिनं असतात. म्हणजे एका क्विंटल दाण्यात सहा किलोच्या आसपास नत्र भरावं लागतं. दाणे भरायच्या दिवसांत तर गाठींचं काम उतरणीला लागलेलं असतं. हे नत्र मग येतं कुठून? पानांतून. थॉमस सिंक्लेअर आणि सी. टी. डी विट या शास्त्रज्ञांनी 1975-76 मध्ये हा हिशोब मांडून दाखवला : सोयाबीनचं झाड दाणे भरण्यासाठी स्वतःचीच पानं मोडून खातं, जणू आत्मनाश करून घेतं. पानं खालून पिवळी पडत वर येतात आणि गळतात. रानभर, एकसारखी. शेंगा त्याच वेळी टपोऱ्या होत असतात.

याच्या आधी, 1959 मध्ये, अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात ए. सी. लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या झाडांची फुलं आणि शेंगा खुडून टाकून पाहिल्या होत्या. खुडलेल्या झाडांचं म्हातारपण लांबलं, ती हिरवी राहिली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रयोग निसर्ग फुकटात दाखवतो. ऑक्टोबरात सगळं रान पिवळं होऊन पानं गाळत असताना मधेच काही झाडं हिरवीगार उभी असतात. नवख्याला ती तगडी वाटतात. जवळ जाऊन पाहिलं की शेंगाच धरलेल्या नसतात, किंवा असल्या तर पोचट. तिथे काळजी हिरव्या पानांची करायची असते.

त्यामुळे दिवस मोजणं हाही निदानाचाच भाग आहे. जेएस 93-05 सारखं लवकरचं वाण 85-90 दिवसांत निघतं, जेएस 335 ला 95-100 दिवस लागतात, ‘फुले संगम’ त्याहून थोडं उशिरा येतं. पंचाहत्तराव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली तर ते एका वाणात वयाचं लक्षण असेल आणि दुसऱ्यात दुखण्याचं. शेजाऱ्याचं रान हिरवं आणि आपलं पिवळं म्हणून घाबरण्याआधी त्याने कुठलं वाण कधी पेरलं होतं ते विचारलेलं बरं. पेरणीनंतर वीस-पंचवीस दिवसांत इमॅझेथापायरसारखं तणनाशक मारल्यावर शेंडे आठवडाभर पिवळट दिसतात, तेही बहुधा आपोआप निवळतं.

कपाशीवाल्यांना हे नाट्य लाल रंगात बघायला मिळतं. बोंडं एकदम लागली, झाडावर भार आला, नत्र-मॅग्नेशियम कमी पडलं आणि रात्री गार झाल्या की पान आधी कडेने पिवळट, मग तांबडं होतं. लाल्या म्हणतात तो हाच. पाती आणि बोंडं लगडण्याच्या वेळी मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी सांगितली जाते. पान पुरतं लाल झाल्यावर तिचा उपयोग उरत नाही.

शहरातल्या गॅलरीतही यातलं बरंच घडतं, फक्त तिथे पंचनामा होत नाही. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलेल्या कुंडीत जास्वंदीची नवी पानं पिवळी निघतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, आणि मालकीण दर आठवड्याला मूठभर शेणखत वाढवत राहते. दुखणं चुन्याचं असतं. साठवलेलं पावसाचं पाणी आणि लोहाची एखादी फवारणी यांनी फरक पडतो. मोगऱ्याची मात्र खालची पानं पिवळी होऊन गळत असतील, तर बोट दोन पेरं मातीत खुपसून बघावं. चिखल लागला तर कुंडीचं बुडाचं भोक बुजलेलं असण्याची शक्यता मोठी.

मोबाइलवरून सल्ला घेण्यात गैर काही नाही. कृषी विज्ञान केंद्रातली मंडळी चांगला सल्ला देतात, पण त्यांनाही बघायला काहीतरी हवं. एक फोटो रानाचा लांबून, पिवळेपणा पट्ट्यात आहे की विखुरलेला ते कळेल असा. एक पूर्ण झाडाचा, शेंडा आणि बूड दोन्ही दिसतील असा. एक पानाच्या पाठीचा, कारण माशी आणि कोळी तिथेच बसतात. आणि एक धुतलेल्या मुळांचा. सोबत वाण आणि पेरणीची तारीख. एवढं पाठवलं तर उत्तर बहुधा चार बाटल्यांचं येत नाही.

दरवर्षी त्याच जागी पिवळा पट्टा उठत असेल तर आणखी एक काम ऑगस्टमध्येच करायचं असतं. माती परीक्षणाचा नमुना उन्हाळ्यात काढतात आणि तेव्हा काळं रान सगळीकडून सारखंच दिसतं. पट्टा कुठे होता ते आठवणीवर सोडलं तर चुकतं. म्हणून काही शेतकरी पीक उभं असतानाच पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना बांबूच्या खुंट्या ठोकून ठेवतात, किंवा बांधावरच्या झाडापासून पावलं मोजून वहीत लिहितात. मे महिन्यात तिथे इंग्रजी व्हीच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन एक नमुना पट्ट्यातला आणि एक शेजारच्या चांगल्या रानातला, असे दोन वेगळे अर्धा-अर्धा किलोचे नमुने प्रयोगशाळेत द्यायचे आणि सामू, चुनखडी, लोह यांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून वाचायचे. एकच नमुना सगळ्या रानाचा मिसळून दिला, तर अहवाल सरासरीचा येतो आणि पट्टा तसाच राहतो.